स्कॅनर शेवटी घ्या: वाचनालयांचा सामायिक डिजिटल संग्रह उभा कसा करायचा आणि दहा वर्षं चालवायचा कसा

आमच्या भागात, म्हणजे दादर ते लालबागच्या मधल्या पट्ट्यात, तीन छोटी वाचनालयं, एक कॉलेज आणि दोन गणेशोत्सव मंडळं मिळून एक डिजिटल संग्रह चालवतात. जुनी पुस्तकं, मंडळांच्या स्मरणिका, चाळीतले फोटो, गिरणी संपाच्या वेळची पत्रकं असं सगळं स्कॅन करून कोणालाही फुकट बघता येईल असं ठेवलंय. मी सुरुवातीपासून त्यात आहे, त्यामुळे अधूनमधून कोणाचा तरी फोन येतो की आम्हालाही असंच करायचंय, स्कॅनर कुठला घेऊ सांगा ना. दरवेळी मी तेच सांगतो, स्कॅनर शेवटी घ्या. स्कॅन करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, चार उत्साही पोरं आणि एक दिवाळीची सुट्टी मिळाली की शंभर पुस्तकं होतात. अवघड आहे ते हे की सातव्या वर्षी सर्व्हरचं बिल कोण भरणार आणि पासवर्ड कोणाकडे असणार.

आमचाच किस्सा सांगतो. पहिल्या प्रयत्नात वेबसाइटचं डोमेन एका कार्यकर्त्याने स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डाने घेतलं होतं, अगदी चांगल्या मनाने, कारण मीटिंगमध्ये "अरे कोणीतरी घेऊन टाका" एवढंच ठरलं होतं. तो नोकरीसाठी परदेशी गेला, कार्ड बदललं, रिन्यूअलचे मेल जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहिले, आणि एके सकाळी आमच्या पत्त्यावर भलतीच जाहिरात दिसायला लागली. फाइली वाचल्या, पण लोकांनी दिलेल्या सगळ्या लिंका मेल्या. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. तेव्हापासून आम्ही जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी हे बघा की झिजतं काय

सामायिक मालमत्ता म्हटली की लोक लगेच म्हणतात, सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही, वाट लागणारच. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने हेच मांडलं होतं, गायरानात प्रत्येक जण एक गाय जास्त सोडतो आणि गायरान संपतं. मग एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली जंगलं, मासेमारी, पाटबंधारे तपासून दाखवलं की लोक स्वतः नियम करून शेकडो वर्षं अशा गोष्टी नीट चालवतात, त्याबद्दल २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याला हे नोबेलवाल्यांनी सांगायची खरं तर गरज नव्हती, धुळे-नाशिककडची फड पद्धत बघा. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे, त्यातून पाट, शेत फडांमध्ये वाटलेलं, कुठल्या फडात कुठलं पीक घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी सोडायला पाटकरी नेमलेला, राखण करायला जागल्या, आणि बंधाऱ्याच्या दुरुस्तीला लाभ घेणाऱ्या प्रत्येकाने यायचं. पाटकऱ्याला मोबदला मिळायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिजिटल गोष्टीत एक फरक आहे. पुस्तक हजार लोकांनी वाचलं म्हणून पीडीएफ झिजत नाही. झिजतो तो सांभाळणारा माणूस. त्याचा वेळ, त्याचा खिसा, आणि घरचे विचारतात "परत रविवारी वाचनालय?" तो संयम. ओपनएसएसएलचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. इंटरनेटवरचा निम्म्याहून जास्त सुरक्षित कारभार ज्या कोडवर चालायचा त्याला वर्षाला साधारण २,००० डॉलर देणगी मिळायची, मूठभर लोक ते सांभाळत होते. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं तेव्हा सगळ्या मोठ्या कंपन्यांना अचानक जाग आली आणि मग निधी उभा राहिला. वापरणारे सगळे, पाटकरी उपाशी, अशी ती गत होती.

तेव्हा पहिलं काम म्हणजे एका कागदावर लिहून काढा की तुमच्या संग्रहात सतत कोणतं काम करावं लागणार आहे. सर्व्हर अपडेट, बॅकअप, लोकांच्या मेलला उत्तर, नवीन फाइलींची नोंद, चुकीच्या नोंदी दुरुस्त. प्रत्येकापुढे महिन्याचे तास लिहा. आमचे बावीस तास निघाले. हा आकडा बघून दोन भावी भागीदार तिथल्या तिथे गळले आणि ते बरंच झालं.

नवीन संस्था काढू नका

दुसरा मोह असतो तो नवीन ट्रस्ट काढायचा, लेटरहेड, लोगो, अध्यक्ष, कार्याध्यक्ष. थांबा. महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवायला किमान सात जण लागतात आणि नंतर तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदवावी लागते, मग पॅन, बँक खातं, दरवर्षीचं ऑडिट, आयकराची नोंदणी. वर सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांना कायद्याने सामाजिक कामावर खर्च करावे लागतात ते, पैसे घ्यायचे तर कंपनीने स्वतः स्थापन केलेली संस्था नसेल तेव्हा किमान तीन वर्षांच्या तशाच कामाचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणजे आज काढलेली संस्था तीन वर्षं दारात उभी.

त्याऐवजी तुमच्यातल्याच एका जुन्या नोंदणीकृत वाचनालयाला यजमान करा. मुंबई-ठाण्यात अशा संस्थांची कमी नाही, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, आणि गल्लोगल्ली पन्नास-साठ वर्षांची छोटी वाचनालयं आहेतच. पैसे यजमानाच्या खात्यात येतील पण संग्रहासाठी वेगळं खातं किंवा निदान हिशोबात वेगळं शीर्षक ठेवायचं, आणि निर्णय यजमानाची कार्यकारिणी घेणार नाही, सगळ्या भागीदारांची समिती घेणार. हे दोन्ही करारात लिहायचं.

यजमान निवडताना इमारत बघू नका, कपाट बघा. कागदपत्रांचं कपाट. तीन गोष्टी मागून घ्या, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, १२ए आणि ८०जी म्हणतात ती आयकराची प्रमाणपत्रं, आणि चेंज रिपोर्टची स्थिती. हा तिसरा मुद्दा लोक विसरतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा असतो, आणि कित्येक संस्थांचे दोन-दोन निवडणुकांचे रिपोर्ट तसेच लटकलेले असतात. कागदावर अजून वारलेले काका खजिनदार. असं असेल तर बँकेत सही बदलायला गेलात की तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय.

बाकी भागीदारांकडून काय मिळेल तेही आधी विचारा. कॉलेजकडून आम्हाला पैसे नाही, पोरं मिळाली. एनएसएसच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करायचं असतं, दरवेळी झाडं लावायचा त्यांनाही कंटाळा येतो, तर नोंदी टाइप करायचं काम आम्ही प्रोग्राम ऑफिसरशी बोलून त्यात बसवलं. मंडळांकडे वर्गणीची यंत्रणा आणि पावतीबुक, वाचनालयांकडे पुस्तकं आणि जागा. कोणाकडे काय जास्त आहे ते बघून वाटणी करायची, सगळ्यांनी सगळं द्यायचं असं धरलं की कोणीच काही देत नाही.

करार, म्हणजे भांडण आधीच करून घेणं

सामंजस्य करार स्टॅम्प पेपरवर करा, वकिलाला दाखवा, पण लिहा साध्या मराठीत. आमचा पहिला मसुदा कोणीतरी सरकारी भाषेत लिहून आणला होता, "उपरोक्त पक्षकार" वगैरे, वाचून मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले की यात मला काय करायचंय ते एका वाक्यात सांगा. कोणालाच सांगता येईना, म्हणून फाडला.

करारात ज्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला ते म्हणजे चाव्या. डोमेन यजमान संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर, एकदम जास्तीत जास्त वर्षांसाठी भरून टाकलेलं, दहा वर्षांपर्यंत भरता येतं. सर्व्हरचा, ईमेलचा आणि बॅकअपचा पासवर्ड वेगवेगळ्या भागीदारांच्या दोन-दोन माणसांकडे, आणि एक प्रत सीलबंद पाकिटात कॉलेजच्या तिजोरीत. पाकीट उघडलं तर मिनिट बुकात नोंद. पोरकट वाटतं ना? करून बघा, निम्मी भांडणं होतच नाहीत.

मग मतदान. आम्ही प्रत्येक भागीदाराला एक मत ठेवलं, पैसे कितीही देवो. एका देणगीदाराला हे आवडलं नाही, त्याला समितीत दोन जागा हव्या होत्या, आम्ही नम्रपणे नाही म्हटलं आणि ती रक्कम गेली. मला अजून वाटतं की ते बरोबर केलं, समितीतल्या एकाला वाटतं आम्ही मूर्खपणा केला, असो. देणगीदाराचं नाव वेबसाइटवर येईल, काय स्कॅन करायचं आणि काय नाही यात त्याचा शब्द चालणार नाही, एवढं वाक्य मात्र टाकाच.

आणि बाहेर पडायचं कलम. उद्या एखादं वाचनालय म्हणालं आम्हाला नको, तर त्यांनी दिलेल्या पुस्तकांच्या फाइलींचं काय? आमच्याकडे असं आहे की जाणाऱ्याला सगळ्या फाइलींची पूर्ण प्रत मिळते, पण जे एकदा लोकांसाठी खुलं झालं ते खुलंच राहतं. सहा महिन्यांची नोटीस. यजमान संस्थाच बंद पडली तर दुसरा यजमान कोण, त्याचंही नाव आजच लिहून ठेवलंय.

हक्कांचा घोळ

भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, आणि ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी गेले १९५० ला, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं. आचार्य अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघेही १९६९ ला गेले, म्हणजे १ जानेवारी २०३० पर्यंत थांबा. "पुस्तक जुनं आहे, पिवळं पडलंय" हा काही निकष नाही, हे मला निदान दहा लोकांना समजवावं लागलंय. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचीही तारीख बघा, प्रस्तावना दुसऱ्याची असेल तर त्याची.

मोकळं नसलेलं पुस्तक स्कॅन करताच येत नाही असंही नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला आपल्याकडे असलेल्या छापील प्रतीची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते. पण जतनासाठी, नेटवर टाकण्यासाठी नाही. म्हणून आमच्याकडे दोन कप्पे आहेत, उघडा आणि बंद, आणि बंद कप्प्यातल्या प्रत्येक पुस्तकापुढे ते उघडायचं वर्ष लिहिलेलं. दर १ जानेवारीला काही पुस्तकं या कप्प्यातून त्या कप्प्यात जातात, त्या दिवशी आम्ही वडापाव पार्टी करतो.

फोटोंचं वेगळं आहे, तिथे प्रकाशनानंतर ६० वर्षं, आणि स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेला फोटो असेल तर उलट काही ठरलेलं नसताना हक्क काढून घेणाऱ्याचा. घरगुती फोटो आणणाऱ्याकडून एक पानी संमतीपत्र भरून घ्या, त्यात लायसन्सही मराठीत समजावून लिहा. आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार खुल्या लायसन्सांपैकी ते घेतलंय ज्यात श्रेय द्यायचं आणि पुढे वाटताना त्याच अटी ठेवायच्या. "व्यावसायिक वापर नको" ही अट टाकायचा मोह सगळ्यांना होतो, पण ती टाकली की विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक साठ्यात, ती फाइल जात नाही, म्हणजे मराठी विकिपीडियालाही ती तिथून मिळत नाही, आणि आपल्या भाषेचंच नुकसान. मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने मुक्ता आणि बलू हे फॉन्ट खुल्या लायसन्सवर दिले म्हणून आज एवढ्या मराठी साइट्स देखण्या दिसतात, आमचीही मुक्तामध्येच आहे, एक पैसा न देता.

फोटोतल्या कोणी हरकत घेतली तर आधी फाइल खाली, मग चर्चा. सात दिवसांत उत्तर. वाद घालत बसू नका, एखाद्या आजींना त्यांचा फोटो नको असेल तर नको.

पैसा: सोसायटीसारखा विचार करा

मुंबईत कोणालाही हे दोन मिनिटांत समजतं कारण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलेला असतो. मेंटेनन्स वेगळा, सिंकिंग फंड वेगळा, मोठी दुरुस्ती वेगळी. आदर्श उपविधींमध्ये सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सांगितलाय, का, तर इमारत कधीतरी पडणार हे धरलेलंच आहे. डिस्कही पडणार आहे, इमारतीपेक्षा लवकर.

आता गणित करा, हे आकडे फक्त उदाहरणासाठी. समजा अर्धवेळ सांभाळणाऱ्याला महिना ४,००० मानधन, वर्षाचे ४८,०००. सर्व्हर आणि डोमेन ७,०००. डिस्क बदलायला बाजूला ५,०००. झाले ६०,०००. सहा भागीदार असतील तर सरासरी १०,००० येतात, पण सरसकट वाटू नका, छोट्या वाचनालयाला ४,००० आणि कॉलेजला २०,००० अशी ऐपतीने वाटणी करा. मानधनाच्या ओळीवर लोक हमखास कात्री लावतात, "स्वयंसेवक आहेत की!" पाटकरी आठवा. ती ओळ मी कधीही कापू देत नाही.

सुरुवात करण्याआधी तीन वर्षांचा चालू खर्च, म्हणजे या उदाहरणात १,८०,०००, हातात हवा. त्यानंतर कायम निधीचं लक्ष्य ठेवा. एफडीवर ६ टक्के धरले तर वर्षाला ६०,००० यायला १० लाख लागतात, आणि महागाई वाढते म्हणून सगळं व्याज न खाता थोडं परत मुद्दलात टाकायचं. मोठा वाटतो आकडा, पण शंभर जणांनी दहा-दहा हजार दिले की झाला, आणि परळ-लालबागची जी पोरं आता ठाणे-डोंबिवलीला राहायला गेलीत ना, ती आपल्या चाळीचा फोटो नेटवर बघून हळवी होतात, देतात.

सीएसआरबद्दल सगळेच विचारतात. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात, आणि वारसा जतन आणि सार्वजनिक वाचनालयं हे दोन्ही कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमधल्या कामांच्या यादीत आहेत, म्हणजे दार उघडं आहे. यजमान संस्थेला त्यासाठी आधी सीएसआर-१ हा फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, चांगला सीए असेल तर पटकन होतं. पण तीन गोष्टी लक्षात घ्या. एक, चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा, नंतर पैसा थांबतो. दोन, कायम निधीत टाकलेली रक्कम २०२१ पासून सीएसआर म्हणून धरत नाहीत, तेव्हा वरचे १० लाख इथून येणार नाहीत. तीन, त्या पैशातून घेतलेला स्कॅनर कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, यजमान ट्रस्टच्या नावावर घ्या आणि डेडस्टॉक रजिस्टरला लगेच चढवा. म्हणून कंपनीकडे एकदाच लागणारं काम मागा, मशीन, पहिली हजार पुस्तकं, पोरांचं ट्रेनिंग. रोजचा खर्च आपल्या घामाचाच बरा.

परदेशातल्या नातेवाइकांकडून घेताना पासपोर्ट विचारा, लाज वाटू देऊ नका. भारतीय पासपोर्टवाल्याने बँकेमार्फत आपल्या बचतीतून दिलेले पैसे चालतात, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे, मूळच्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, विदेशी देणगीत धरले जातात आणि त्याला एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. आमचा एक भाऊबंद आहे, न्यूजर्सीत, फार प्रेमाने पैसे पाठवत होता, आम्ही घेतले नाहीत, तो मे महिन्यात आला तेव्हा बसून नोंदी टाइप करून गेला.

आता घ्या स्कॅनर

हे पटकन सांगतो कारण यावर माहिती भरपूर मिळते. पुस्तक उलटं दाबायचा फ्लॅटबेड नको, बांधणी तुटते, वरून फोटो काढणारा घ्या, ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, पुरतं. साध्या डेमी आकाराचं रंगीत पान कॉम्प्रेस न करता ठेवलं तर साधारण १२-१३ एमबी, २०० पानी पुस्तक अडीच जीबी, हजार पुस्तकं अडीच टीबी. मूळ फाइल हीच जपायची, वाचकांना छोटी पीडीएफ द्यायची. चित्रातली अक्षरं वाचणारं टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, फुकट आहे, पण जुन्या छपाईत जोडाक्षरांची वाट लावतं, तेव्हा तपासायला माणूस हवाच. नोंदीत नाव, लेखक, साल, प्रकाशक, हक्काची स्थिती आणि मूळ प्रत कुठे आहे एवढं कमीत कमी.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक शहराच्या दुसऱ्या टोकाला किंवा बाहेर, आमची ठाण्याला आहे. आणि जे मोकळं आहे ते आर्काइव्ह डॉट ऑर्ग आणि मराठी विकिस्रोतवरही टाका. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची मूळ साइट बंद पडली पण पुस्तकं आज वाचता येतात ती आर्काइव्हवर प्रती होत्या म्हणून. आणि उलटही खरं, ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्काइव्हवरच हल्ला होऊन ते काही दिवस बंद होतं, तेव्हा आपली प्रत आपल्याकडे हवीच.

बॅकअपची डिस्क तळमजल्यावर ठेवू नका, दर पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताच्या आसपास तर नाहीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या आठवड्यात आमच्या एका वाचनालयाचे खालचे दोन कप्पे लगदा झाले होते, त्यात काय काय होतं हे आता कोणालाच सांगता येत नाही कारण यादीही खालच्याच कप्प्यात होती.

म्हणून आमची वार्षिक सभा आम्ही २६ जुलैलाच ठेवतो, पाऊस असला तरी. हिशोब वाचून दाखवतो, पाकिटाचं सील बघतो, मग बॅकअपमधून कुठल्याही दहा फाइली काढून सगळ्यांसमोर उघडतो. गेल्या वेळी एक उघडली नाही, १९७० च्या आसपासची एक स्मरणिका होती. ठाण्याच्या डिस्कवरून परत आणली, खराब झालेली डिस्क बदलायला ठेवलेल्या पैशातून नवीन घ्यायचा ठराव तिथेच झाला, सूचक लालबागचं मंडळ, अनुमोदक कॉलेज.